मुंबई–नागपूर : विमानाला दीड तास, पण दारापासून दारापर्यंत किती?

वर्धारोड (धागाकर्ती) | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार. इथे वाचते आहे बरीच वर्षं, धागा मात्र पहिल्यांदाच काढते आहे.

माहेर नागपूरचं, नंदनवन भागातलं. राहायला डोंबिवलीत. आई-बाबा तिकडे दोघंच असतात आणि मी एकुलती एक. लग्न होऊन इकडे आले तेव्हापासून कुणी विचारलं, "माहेर लांब आहे का गं?" की माझं उत्तर ठरलेलं असायचं, "नाही हो, दीड तासाचं विमान."

गेल्या ऑगस्टमध्ये पहाटे पावणेपाचला आईचा फोन आला. बाबा न्हाणीघरात घसरले होते, उठता येत नव्हतं. खुबा मोडला होता. समोरच्या काकूंचा मुलगा धावत आला, ॲम्ब्युलन्सही त्यानेच बोलावली. मी आईला नेहमीचंच वाक्य म्हणाले, "दीड तासाचं तर विमान आहे आई, जेवायच्या वेळेपर्यंत येते मी."

सकाळच्या पहिल्या दोन विमानांत जागा नव्हती. मिळालं ते १०:५० चं. सव्वासातला घर सोडलं. लोकलने घाटकोपर, तिथून रिक्षा, नऊच्या सुमारास विमानतळ. विमानाला उशीर झाला, का ते नीट कुणी सांगेना. शेवटी १२:२५ ला हललं आणि दोन वाजता नागपूरला थांबलं. धंतोलीतल्या दवाखान्यात पोचले तेव्हा तीनला पाच मिनिटं कमी होती. बाबांना ऑपरेशनला आत नेऊन अर्धा तास झाला होता. आई बाहेरच्या बाकावर बाबांच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती. पिशवीत ठेवायचंही तिला सुचलं नव्हतं.

फोनपासून दवाखान्यापर्यंत दहा तास दहा मिनिटं. हा आकडा तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

बाबा आता घरी आहेत, काठी घेऊन चालतात. मला दर पंधरा दिवसांनी खेप करावी लागते. म्हणून विचारते. मुंबई–नागपूर अंतर नक्की किती? प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा दिसतो. विमानाला दीड तास का लागतो? वेगाच्या हिशेबाने तासाभरात पोचायला हवं. आणि तुम्ही जे नेहमी जाता-येता ते कसे जाता? दारापासून दारापर्यंतचा खरा वेळ सांगा, तिकिटावरचा नको.

वऱ्हाडवाट | रविवार, रात्री १०:१५

ताई, बाबांना लवकर पूर्ण बरं वाटो.

मी बडनेऱ्याचा. नोकरी ठाण्यात. अकरा वर्षांपासून हीच लाइन करून राहिलो, म्हणून रेल्वेचं सांगतो. सीएसएमटी ते नागपूर रुळांवरून ८३७ किमी. कल्याण, कसारा, इगतपुरी, मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा आणि मग नागपूर. दुरांतोला अकरा-साडेअकरा तास लागतात, विदर्भ एक्सप्रेसला चौदाच्या आसपास.

तुम्ही डोंबिवलीच्या आहात, म्हणून विदर्भ किंवा सेवाग्राम एक्सप्रेस कल्याणहून पकडा. कल्याण तुमच्यापासून दोन स्टेशनं. घरून निघून वीस-पंचवीस मिनिटांत तुम्ही फलाटावर असता, तेवढ्या वेळात विमानवाला कुर्ल्यालाही पोचत नाही. विदर्भ संध्याकाळी निघते. घरचा डबा खायचा, कसाऱ्याला घाट चढवायला मागून बँकर इंजिन लागलं की गाडीला एक हिसका बसतो, तो बसला की मी पांघरूण ओढतो. जाग येते ती अकोल्याला नाहीतर बडनेऱ्याला. चौदा तासांतले आठ झोपेचे, ते माझ्या हिशेबात नाहीतच.

तुमचं पंधरा दिवसांचं चक्र ठरलेलं आहे, तर आरक्षण ६० दिवस आधी उघडतं त्या दिवशीच चार खेपांची तिकिटं काढून ठेवा. अडीनडीला तात्काळ आहेच, आदल्या दिवशी एसीचं सकाळी दहाला आणि स्लीपरचं अकराला उघडतं.

भूगोलमास्तर | रविवार, रात्री ११:०५

अंतराच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. शाळेत तीस वर्षं हेच शिकवलं.

मुंबई विमानतळ साधारण १९.०९ उत्तर अक्षांश आणि ७२.८७ पूर्व रेखांशावर आहे. नागपूरचा २१.०९ आणि ७९.०५ वर. अक्षांशातला फरक २ अंश. एका अंशाचे १११ किमी, म्हणजे नागपूर मुंबईच्या २२२ किमी उत्तरेला. रेखांशातला फरक ६.१८ अंश. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात, त्यामुळे आपल्या भागात एका अंशाचे साधारण १०४.५ किमीच धरायचे. म्हणजे नागपूर ६४६ किमी पूर्वेला. आता काटकोन त्रिकोण मांडा. दोन्ही बाजूंचे वर्ग, त्यांची बेरीज आणि वर्गमूळ. उत्तर ६८३ किमी. एवढ्या अंतराला पृथ्वीच्या गोलाईने फारसा फरक पडत नाही, म्हणून सातवी-आठवीच्या गणितात काम भागतं.

तर हवाई अंतर सुमारे ६८५ किमी, रेल्वेचं ८३७, समृद्धी महामार्गाचं ७०१. तिन्ही आकडे बरोबर आहेत. रेल्वे जास्त फिरते, कारण ती आधी ईशान्येला भुसावळपर्यंत चढते आणि तिथून जवळजवळ सरळ पूर्वेला वळते. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली तेव्हा घाट, तापीचं खोरं आणि वऱ्हाडातला कापूस पाहूनच ती वाट आखली गेली होती. समृद्धीचे ७०१ मात्र मुंबईपासूनचे नाहीत, भिवंडीजवळच्या आमण्यापासूनचे आहेत. तुमच्या घरापासून आमण्यापर्यंतचं अंतर त्यात मिळवायला हवं.

नकाशावर पट्टी ठेवून पाहिलंत तर समृद्धी किती सरळ आहे ते दिसेल. आमणे ते नागपूर सरळ रेषेपेक्षा ती जेमतेम नऊ-दहा टक्के जास्त. रेल्वे वीस टक्के.

वर्धारोड | रविवार, रात्री ११:२०

धन्यवाद सर. कागद-पेन घेऊन बसले आणि ६८३ आले. मुलीलाही करायला लावलं.

वऱ्हाडवाट दादा, कल्याणचा मुद्दा पटला. मी उगाच दादरला जाऊन गाडी पकडायचे.

रात्रपाळी | सोमवार, पहाटे ५:५०

विमानाच्या वेळेचं मी सांगतो. मुंबई विमानतळावर रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी असतात त्या भागात, माझी बावीस वर्षं गेली, आता निवृत्त आहे.

तिकिटावर जो दीड तास छापलेला असतो तो उडण्याचा वेळ नाही. विमान बेवरून, म्हणजे उभं असतं त्या जागेवरून, मागे ढकललं जातं तिथून तो सुरू होतो आणि नागपूरला चाकांना चॉक, म्हणजे अडसर, लागले की संपतो. आमच्या भाषेत ब्लॉक टाइम. त्यात हवेतला वेळ तास-सव्वातास. ताशी ८३० किमीचा वेग फक्त वरच्या उंचीवर मिळतो आणि एवढ्या छोट्या पल्ल्यात विमान त्या उंचीवर फार वेळ राहतच नाही. वीस-पंचवीस मिनिटं चढण्यात, तितकीच उतरण्यात. मधला सरळ भाग जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा. नागपूरच्या विमानात चहाची ट्रॉली मागच्या रांगेपर्यंत येते न येते तोच पट्टे बांधायला सांगतात, ते यामुळेच.

उरलेला वेळ जमिनीवर जातो. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. एका वेळी एकच वापरता येते. त्या एका पट्टीवर दिवसाला ९०० हून जास्त विमानं चढतात-उतरतात. सकाळी सातच्या सुमारास पट्टीच्या तोंडाशी सात-आठ विमानांची रांग मी रोज पाहिली आहे. ती वीस मिनिटं कंपन्या आधीच वेळापत्रकात धरून ठेवतात.

परत येताना उलटं. नागपूरला पट्टी मोकळी असते, मुंबईवर मात्र आभाळात ताटकळावं लागतं. खिडकीतून एकच डोंगर दोनदा दिसला तर समजा की घिरट्या चालू आहेत.

वाऱ्याचाही हात असतो. हिवाळ्यात वरच्या थरात वारे पश्चिमेकडून पूर्वेला जोरात वाहतात, त्यामुळे नागपूरला जाताना पाठीवर आणि येताना छातीवर. पावसाळ्यात वरचे वारे पूर्वेकडून येतात, तेव्हा हिशेब उलटा. वारा ताशी शंभरचा असला तरी एवढ्या अंतराला फरक दहा-बारा मिनिटांचा. अमेरिकेच्या प्रवासात तोच तासांवर जातो.

आता तुमच्या १०:५० च्या विमानाबद्दल. एक विमान दिवसात पाच-सहा फेऱ्या मारतं. तुमचं विमान पहाटेपासून दुसऱ्या कुठल्या तरी गावाला जाऊन यायचं होतं. तिकडे पाऊस, इकडे रांग, आणि उशीर पुढच्या प्रत्येक फेरीवर साचत जातो. पहाटेचं पहिलं विमान रात्रभर इथेच उभं असतं, त्याला मागचा उशीर नसतो. पावसाळ्यात जमेल तेव्हा पहिलंच घ्या, एरवीही सकाळचं. हल्ली विमानं दाखवणारी ॲप आहेत, त्यांत तुमचं विमान आत्ता कुठे आहे ते बघा. सुटायच्या तासभर आधी ते दुसऱ्याच गावावर दिसलं तर काउंटरवर विचारायची गरज उरत नाही.

आणि पावसाळ्याच्या आधी मे महिन्यात व नंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या धावपट्ट्या देखभालीसाठी एक दिवस सहा-सहा तास बंद ठेवतात. तारीख आधी जाहीर होते. ती टाळा.

टिटवाळा_लोकल | सोमवार, सकाळी ८:३०

ताई, घाटकोपरहून रिक्षा आता नका करू. घाटकोपरला मेट्रो १ घ्या, मरोळ नाक्याला उतरा, तिथेच खाली मेट्रो ३ आहे, पुढचंच स्टेशन टी-२, म्हणजे विमानतळाचं टर्मिनल २. डोंबिवलीहून फास्ट लोकल घाटकोपरला थांबते. मी गेल्या महिन्यात टिटवाळ्याहून आईला घेऊन गेलो, मरोळला सरकते जिने खोल आहेत म्हणून दहा मिनिटं जास्त धरली, तरी रस्त्यापेक्षा लवकर पोचलो. पावसात साकीनाक्याला अडकण्याची भीती नाही हे सगळ्यात मोठं.

तिकीट काढताना टर्मिनल मात्र पाहा. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झाल्यापासून कुठलं विमानतळ तेही पाहा. डोंबिवलीकरांना ते अंतराने बरं पडतं.

काळी_माती | सोमवार, दुपारी २:१०

राम राम. मी जालन्याचा. ठाणे–नागपूर महिन्यातून दोनदा गाडी घेऊन करतो. समृद्धीवर पहिला टप्पा, नागपूर ते शिर्डी, सुरू झाला ११ डिसेंबर २०२२ ला. तेव्हापासूनचा माझा अनुभव आहे. शेवटचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किमीचा तुकडा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि खरा फरक तिथे पडला. पूर्वी कसारा घाटात एखादा ट्रक बंद पडला की दोन तास गेले. आता पावणेआठ किमीचा बोगदा आहे, पाच-सात मिनिटांत पार.

सपाटीवर मोटारीला ताशी १२०, घाटात १००. कॅमेरे आहेत. आठ तासांत नागपूर असं सगळे म्हणतात, पण ते न थांबता. माणूस थांबतो. मी दोन थांबे घेतो, अर्ध्या-अर्ध्या तासाचे. ठाण्यातून घराच्या दारापासून सीताबर्डीपर्यंत मला साडेनऊ लागतात. टोल एका बाजूचा दीड हजाराच्या आसपास, इंधन वेगळं. एकट्याला हे परवडत नाही. चौघं असाल, सामान असेल, बाबांची खुर्ची किंवा वॉकर न्यायचा असेल तर याच्यासारखं काही नाही.

टायर बघून निघा. काँक्रीटचा रस्ता आहे, उन्हाळ्यात दुपारी तो तापतो आणि जुना टायर त्या वेगात टिकत नाही. हवा कंपनीने सांगितली आहे तेवढीच, थंड टायरमध्ये मोजून.

ताई, एक मुद्दाम सांगतो. मी तुमच्या त्या दिवसाचा हिशेब मांडून पाहिला. पावणेपाचला फोन. कपडे, कार्डं, पैसे, मुलीची सोय. साडेपाच-सहाच्या आत कुणाचंच निघणं होत नाही. डोंबिवलीहून आमणे पाऊण तास. पुढे ७०१ किमी, थांब्यांसकट साडेआठ. नागपुरात शिरून धंतोली अर्धा तास. सव्वातीन वाजलेच असते, कदाचित पावणेचार. तुम्ही गाडीने निघाला असता तरी आईपाशी त्याच सुमाराला पोचला असता.

वर्धारोड | सोमवार, दुपारी २:४५

दादा, तुमची शेवटची ओळ तीनदा वाचली. ऑफिसात आहे, जास्त लिहीत नाही. खूप आभार.

निळाई | सोमवार, संध्याकाळी ७:००

काळी_माती यांच्या माहितीला धरून एक गोष्ट कळकळीने लिहिते.

माझं सासर कारंजा लाडचं. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर खासगी बस उलटून पेटली, २५ जण गेले. त्या सकाळी आमच्या घरात प्रत्येक जण फोनवर होता, आपलं कुणी त्या गाडीत आहे का विचारत. आमचं कुणी नव्हतं. पण तेव्हापासून रात्री तिथे गाडी काढायची नाही हा आमच्या घरचा नियम आहे.

तो रस्ता सरळ आहे आणि तेच त्याचं कठीण अंग आहे. वळण नाही, सिग्नल नाही, गाव नाही, झाड जवळ नाही. तासाभराने डोळे उघडे राहतात पण माणूस बघत नाही. माझे दीर पंचवीस वर्षं गाडी चालवतात, तेही सांगतात की मेहकरच्या पुढे काही किलोमीटर कसे गेले ते त्यांना आठवलंच नाही. त्यांनी पुढच्या थांब्याला गाडी लावली आणि तासभर झोपले.

आणि पहाटे पावणेपाचला असा फोन आल्यावर हात थरथरत असताना तर स्टिअरिंग धरूच नये. दुसरा चालवणारा असेल तरच निघा.

ताई, माझी आईसुद्धा एकटी असते, अकोल्याला. मी तिथली सोय आधी केली, प्रवासाची नंतर. शेजारच्या मुलाकडे घराची किल्ली. फ्रिजवर कागद, त्यावर औषधं, डॉक्टर, रक्तगट, ॲलर्जी. आरोग्य विम्याचं कार्ड आणि आधारची झेरॉक्स एका लाल पिशवीत, दाराच्या मागच्या खुंटीला. दोन वर्षांत एकदा ती पिशवी कामी आली. मी पोचेपर्यंत सगळं मार्गी लागलं होतं.

पुणेकरीण_विदर्भाची | सोमवार, संध्याकाळी ७:४०

पुण्याहून कुणी वाचत असेल तर, हवाई अंतर नागपूरपर्यंत साधारण ६०५ किमी आहे पण रेल्वेने ८८० च्या वर, कारण गाडी दौंडहून मनमाडला जाऊन मग पूर्वेला वळते. ऑगस्ट २०२५ पासून अजनी (नागपूर)–पुणे वंदे भारत आहे, बारा तास. दिवसाची गाडी असल्याने दिवस जातो, पण आई-बाबांना सोबत आणायचं असेल तर बसून येणं त्यांना सोपं पडतं. निळाई यांची लाल पिशवी मी आजच करते आहे.

डाकगाडी | सोमवार, रात्री ९:२५

या धाग्यावर नागपूरच्या सोनेगाव विमानतळाची एक जुनी आठवण लिहावीशी वाटली. विषयापासून थोडी बाजूला आहे, पण मुंबई–नागपूर अंतराशी तिचा संबंध आहे.

१९४९ मध्ये रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली. तिचं केंद्र नागपूर. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास, चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीनंतर चारही सोनेगावला उतरायची. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि प्रत्येक विमान आपापल्या शहरी परत जायचं. सकाळ व्हायच्या आत मुंबईचं पत्र कलकत्त्याला आणि दिल्लीचं मद्रासला. नागपूर देशाच्या मध्यावर आहे म्हणून हे जमलं.

माझे वडील टपाल खात्यात होते आणि काही वर्षं त्यांची पाळी सोनेगावला असायची. मी नऊ वर्षांचा असताना एकदा त्यांनी मला नेलं होतं. डिसेंबर होता. मला कांबळ्यात गुंडाळून हातगाडीवर बसवलं होतं. आधी काहीच नाही, फक्त अंधार आणि पट्टीच्या कडेचे दिवे. मग वडील म्हणाले, "ऐक, मुंबई आली." ते आवाजावरून आणि वेळेवरून सांगायचे. थोड्या वेळाने, "ही मद्रास." विमानांना ते शहरांच्याच नावाने हाक मारत. सुरुवातीची डकोटा विमानं ताशी पावणेतीनशे किमीच्या आसपास जायची, म्हणजे मुंबईहून इथे यायला अडीच तास तरी. मास्तरांच्या ६८३ ला २७५ ने भागून आत्ताच ताळा पाहिला. वडील अडीच तासच म्हणायचे.

थैली फेकायची नाही, हातात द्यायची, असा त्यांचा शिरस्ता होता. त्यात कुणाचं मनिऑर्डरचं कुपन असेल, कुणाच्या आईचं पत्र.

नागपूरला शून्य मैलाचा दगड आहेच. त्याच्याजवळच्या खांबावर गावांची अंतरं मैलांत कोरली आहेत, हैदराबाद ३१८ मैल. लहानपणी मी त्यावर मुंबई शोधायचो.

वऱ्हाडवाट | सोमवार, रात्री ९:५०

काका, अंगावर काटा आला. नागपूरला दहा वर्षं शिकलो, हे कुणी सांगितलं नाही. अजून लिहा ना, वेगळा धागा काढा.

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे ६:१५

डाकगाडी, तुम्हाला नमस्कार. आम्ही रॅम्पवरही विमानाला नंबराने नाही, गावाच्या नावानेच बोलायचो. "नागपूर लागलं का?" "नागपूर गेलं."

वऱ्हाडवाट यांच्याशी एका बाबतीत माझं जमत नाही. ठरलेल्या खेपेला रात्रीची गाडी उत्तम, मान्य. पण तातडीच्या वेळी विमानच. पहाटेच्या फोननंतर संध्याकाळच्या गाडीची वाट पाहणं म्हणजे दुसरा दिवस उजाडणं. पहिलं विमान हुकलं तर दुसरं, मुंबईहून नाही तर पुण्याहून, पण निघावं. फक्त हातातली बॅग घ्यावी. सामान टाकायचा काउंटर सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद होतो, गेट साधारण २५ मिनिटं आधी. बॅग नसेल तर ती ३५ मिनिटं आपली असतात, आणि नागपूरला सामानाच्या पट्ट्यापाशी थांबावं लागत नाही.

वऱ्हाडवाट | मंगळवार, सकाळी ९:००

बरोबर आहे भाऊ. मी रोजच्या जाण्यायेण्याचं म्हणून राहिलो होतो. माझा बाप गेला तेव्हा मी गाडीनेच गेलो, विमानाचे पैसे नव्हते तेव्हा. भुसावळला गाडी पन्नास मिनिटं उभी होती. त्या पन्नास मिनिटांवर मी अजून कुणाशी बोललो नव्हतो.

निळाई | मंगळवार, सकाळी ९:१०

वऱ्हाडवाट दादा...

भूगोलमास्तर | मंगळवार, सकाळी ११:३०

दादा, वाचलं. काय लिहावं कळत नाही. तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत.

वर्धारोड ताई, तुमच्या मुलीसाठी अजून एक गणित देतो. रेखांशाच्या दर अंशाला सूर्य चार मिनिटं घेतो. मुंबई आणि नागपूर यांच्यात ६.१८ अंश. गुणाकार केला तर २४.७ मिनिटं. घड्याळ दोन्हीकडे एकच, पण नागपूरला सूर्य सरासरी २५ मिनिटं आधी उगवतो आणि आधी मावळतो. तिला आजीला फोन करून विचारू दे, "उजाडलं का?" आणि मग डोंबिवलीच्या खिडकीतून पाहू दे.

वर्धारोड | पुढचा रविवार, दुपारी १२:३०

नागपूरहून लिहिते आहे.

शुक्रवारी संध्याकाळी विदर्भने निघाले, कल्याणहून. मुलगी सोबत होती. डबा इगतपुरीच्या आधीच संपला. कसाऱ्याचा हिसका आम्ही दोघी जागून वाट पाहत बसलो होतो, बसला तेव्हा ती केवढ्यांदा ओरडली, "बँकर!" समोरच्या बर्थवरच्या आजी दचकल्या. मग त्यांनाही सगळं समजावून सांगितलं. बडनेऱ्याला जाग आली. वऱ्हाडवाट दादा, फलाटावर उतरून चहा घेतला तुमच्या गावचा. घरून निघाल्यापासून नंदनवनच्या फाटकापर्यंत पंधरा तास दहा मिनिटं लागली. आंघोळ करून लगेच बाबांना घेऊन तपासणीला गेले, थकवा नव्हता.

लाल पिशवी केली. खुंटी दाराच्या मागे नाही, बाजूच्या भिंतीवर ठोकून घेतली, म्हणजे दार उघडं असलं तरी दिसेल. काकूंच्या मुलाकडे किल्ली दिली. त्याला बसवून औषधांचा कागद वाचून दाखवला. तो म्हणाला, "ताई, काका मले लहानपणापासून पेपर वाचाले देतात, मी काय परका आहे का?"

आज पहाटे मुलगी आजीच्या गच्चीवर आणि तिचे बाबा डोंबिवलीत खिडकीपाशी, असा फोन चालू होता. इकडे सूर्य वर आला तेव्हा तिकडे आभाळ नुसतं फटफटलेलं होतं. तेवीस मिनिटं मोजली तिने. सर, ती दोन मिनिटं कुठे गेली ते आता तुम्हीच सांगा.

रात्री आईपाशी बसले होते तेव्हा तिला सांगितलं. म्हटलं, आई, दीड तास म्हणत होते ते खरं नव्हतं. मला यायला दहा तास लागतात.

आई भाजी निवडत होती. म्हणाली, "मले माहीत आहे बाई. तुझ्या बाळंतपणाले मीच तर आली होती विमानानं. सकाळी निघालेली, दिवेलागणीले पोचली." मग गवारीची शीर ओढत म्हणाली, "तू फोनवर दीड तास म्हटलं ना, तर बाबांले तेच सांगितलं मी, आत नेताना."